पिवळं स्टूल

दि. ३ फेब्रुवारी

चि. खारूताई,

आशीर्वाद आधी घे, मग चपला काढ, मग वाच.

तुझं पत्र काकूनं मोठ्यानं वाचून दाखवलं. फोनवर मला तुझ्या आवाजाऐवजी कुकरची शिट्टी ऐकू येते, त्यापेक्षा हे बरं. मी बोलते, काकू लिहिते. तिचं अक्षर फार वळणदार आहे असं सगळे म्हणतात. मला तर मुंग्याच दिसतात, पण रांग सरळ आहे खरी.

तर काकाच्या कंपनीनं तुला पसंत केलं. दवाखान्यातल्या खाटा बनवतात आणि त्या खाटांची ड्रॉइंग काढायला त्यांना तू हवीस. तुझी आधीची कंपनी बंद पडल्यापासून तू घरमालकिणीला चुकवत जिन्यावरून मांजरासारखी उतरतेस, हे मला माहीत आहे. कसं माहीत ते विचारू नकोस. म्हणून मी डोळे मिटून 'हो म्हण' सांगेन असं तुला वाटलं असेल. पण तू विचारलंस, 'आजी, जागा चांगली की वाईट हे आत जायच्या आधी ओळखायचं कसं?' हे बापाला विचारलं असतंस तर त्यानं पगार विचारून फोन ठेवला असता.

मी जन्मात नोकरी केली नाही. पण नणंदांसाठी, मुलींसाठी पुष्कळ घरं बघितली. बाहेरची खोली मी कधीच बघितली नाही. ती आवरलेलीच असते. मी पाणी मागायच्या निमित्तानं आत जायची आणि आतली माणसं एकमेकांशी कशी बोलतात ते ऐकायची. तू तसंच कर. साहेब खोलीतून गेले की आवाज वाढतो का बघ. वाढला तर चांगलं. डबे उघडल्यावर कोण कोणाच्या डब्यात हात घालतं ते बघ. आणि जो सोडून गेला असेल त्याचं नाव काढून सगळ्यांची तोंडं बघ.

तुझ्या काकाला मात्र ती कंपनी फार मानवली. पूर्वी काय तापट होता! भाजीत मीठ कमी पडलं की ताट सरकवायचा. आता शहरातून सुट्टीला आला की गायीसारखा असतो. मागच्या खेपेला काकू म्हणाली, 'तुम्हाला घरचं काही पडलेलंच नाही.' तर मान खाली घालून म्हणतो, 'धन्यवाद.' मी मुद्दाम म्हटलं, 'अरे, तू लहानपणापासून ढ आहेस.' तरी 'धन्यवाद'! आम्ही दोघी पोट धरून हसलो. काकू म्हणते, नवऱ्याला एवढं वळण लावणाऱ्या कंपनीच्या मालकाचा फोटो घरात लावायला हवा.

पण भित्रा तो भित्राच. साहेब छपराखाली उभा असला तरी हा त्याच्या डोक्यावर छत्री धरेल. (काकू लिहायची थांबली आहे. लिही गं. तुझा नवरा नंतर, माझा मुलगा आधी.)

सगळं बघून ये आणि मला कळव. उगाच दोन ओळी खरडू नकोस.

तुझी
आजी

* * *

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय आजी,

चपला काढून वाचलं. काकूला सांग, मुंग्या सुरेख आहेत.

परवा कागद द्यायला कंपनीत गेले होते. काय जागा आहे गं! सगळीकडे ऊन, प्रत्येक टेबलावर छोटं झाड, खोल्यांना दारंच नाहीत. मोठ्या मॅडमच्या खोलीलासुद्धा नाही. माझ्याआधी कोणीतरी माझ्या नावाचा कप आणून ठेवला होता. जो भेटला तो म्हणाला, 'आमचं एक कुटुंबच आहे.' काका सगळ्यांना ओळख करून देत फिरत होता. नवीन शर्ट घातला होता.

तू सांगितलेलं केलं. मोठ्या मॅडम बाहेर गेल्या तेव्हा आवाज वाढला नाही, पण कमीही झाला नाही, तेवढाच राहिला. डबे सगळ्यांनी उघडले, पण जो तो आपापल्या डब्यात. सोडून कोण गेलं असं विचारलं, तर एकजण हसून म्हणाला, 'इथून कोणी जात नाही.' आणि लगेच शेजारच्या माणसानं रिकाम्या खुर्चीवर आपली बॅग ठेवली.

आणखी एक. मधल्या मोठ्या खोलीत एक पिवळं गोल स्टूल आहे. जागेची एवढी अडचण, तरी त्याच्यावर कोणी साधी फाईलसुद्धा ठेवत नाही. मी टेकायला गेले तर काकानं पटकन माझा दंड धरला. म्हणाला, 'शुक्रवारी कळेल.' हो म्हणायच्या आधी सगळ्यांना एक पूर्ण दिवस तिथे घालवावा लागतो. माझा दिवस येता शुक्रवार. उत्तर महिनाअखेर द्यायचं आहे.

मला तर आत्ताच हो म्हणावंसं वाटतंय.

तुझी
खारू

* * *

दि. १३ फेब्रुवारी

चि. खारूताई,

स्टुलावर बसून कोणीतरी गाणं म्हणत असेल, नाहीतर वाढदिवसाचा केक कापत असतील. शहरातल्या माणसांना पोरखेळ फार लागतात. काकूचं म्हणणं, तिथे बसून काका भाषण करत असेल. मग ते शुक्रवारीच ठेवतात हे बरं. पुढचे दोन दिवस सुट्टीचे, तेवढ्यात लोक सावरतात.

पण रिकाम्या खुर्चीवर बॅग ठेवली हे मला आवडलं नाही. माणूस गेला की चार दिवस त्याच्या जागेवर बसताना जीव चुटपुटतो. त्यांना एवढी घाई कसली?

आणि कोणीच कोणाच्या डब्यात हात घालत नाही म्हणजे काय? सगळ्यांना पोटदुखी आहे का? काकूनं आत्ताच माझ्या ताटलीतला पेरू उचलला. लिहिता लिहिता. हे घर आहे बघ.

शुक्रवारी डोळे उघडे ठेव.

आजी

* * *

दि. १९ फेब्रुवारी

प्रिय आजी,

शुक्रवार छान गेला. जागा चांगली आहे. त्यांनी मला ठरलं होतं त्याहून वरचं काम देऊ केलं आहे. बहुतेक मी हो म्हणेन. काका मजेत आहे.

काकूला रोज लिहून वाचून त्रास होत असेल. यापुढचं पत्र खालच्या चष्मेवाल्याकडून लिहून घेतलंस तरी चालेल. त्याला दुपारी गिऱ्हाईक नसतं असं तूच म्हणतेस.

खारू

* * *

दि. २२ फेब्रुवारी

खारू,

हे पत्र चष्मेवाला लिहितो आहे. अक्षर कसं आहे ते त्याला विचारलं तर म्हणतो, 'आजी, मी नंबर काढतो, अक्षरं नाही.' बरा माणूस आहे. ऐकतो आणि विसरतो.

आता मुद्द्याचं. मला वाचता येत नाही, पण पत्र किती वेळ चाललं ते कळतं. तुझं पत्र काकूनं वाचायला घेतलं आणि माझं अंग पुसून होईपर्यंत संपलंसुद्धा. त्यात एक चिमटा नाही, एक वाकडा शब्द नाही. तू शाळेतून गणितात नापास होऊन आलीस तेव्हाही असाच 'छान गेला' म्हणाली होतीस.

आणि काकूला त्रास होतो म्हणे! ती मान खाली घालून भाजी निवडत बसली. तिला कळलं की तिला काहीतरी वाचू द्यायचं नाहीये. मला सगळं सांग. काकाचं बाहेर काही लफडं असेल तर तेही सांग. माझं वय धक्क्याला घाबरायचं राहिलेलं नाही.

आजी

* * *

दि. २४ फेब्रुवारी

प्रिय आजी,

लफडं असतं तर बरं झालं असतं.

शुक्रवारी दुपारी सगळे मधल्या खोलीत गोल करून उभे राहिले. ते त्याला 'आरसा' म्हणतात. दर आठवड्याला एकजण पिवळ्या स्टुलावर बसतो. बाकीचे पाळीपाळीनं त्याच्यात काय खोट आहे ते सांगतात. बसलेल्यानं समजावून सांगायचं नाही, उलट बोलायचं नाही. प्रत्येक वाक्यानंतर एकच शब्द म्हणायचा: 'धन्यवाद.' मग सगळे टाळ्या वाजवतात.

त्या दिवशी काका बसला होता.

पहिल्यांदा कामाचं बोलले. तू सही करायच्या आधी आमची तोंडं बघतोस. धन्यवाद. तू कुणालाच नाही म्हणत नाहीस म्हणून माल उशिरा येतो. धन्यवाद. मग घरचं काढलं. बायकोचा फोन आला की तुझा आवाज चोरट्यासारखा होतो, घरातही तू असाच असशील, तुझी बायको तुला कशी सहन करते? हे ज्यानं म्हटलं तो सकाळी मला प्रेमानं चहा आणून देणारा माणूस होता. काकाचे कान लाल झाले होते. तो म्हणाला, 'धन्यवाद.' टाळ्या.

मोठ्या मॅडम एकदाही आवाज चढवत नाहीत. त्या हळूच म्हणाल्या, 'आता पाहुण्यांची पाळी.'

मला वाटलं होतं, मी म्हणेन, मला काही माहीत नाही. पण सगळे माझ्याकडे इतक्या मायेनं बघत होते आजी, की मी तुझं छत्रीचं वाक्य बोलले. छपराखालच्या साहेबाच्या डोक्यावर छत्री धरणारं. खोलीभर हशा पिकला. मॅडमसुद्धा हसल्या. आणि मला बरं वाटलं. कितीतरी महिन्यांत माझ्या बोलण्यावर कोणी एवढं खूश झालं नव्हतं. ते मला थांबवत नव्हते. म्हणून मी आणखी एक बोलले. ते मला कोणी विचारलं नव्हतं.

तू मागल्या वर्षी दवाखान्यात होतीस आणि काका आला नाही. गाडी रस्त्यात बंद पडली असं त्यानं सांगितलं होतं. आजी, गाडी बंद पडली नव्हती. त्याला रजा मागायचं धाडस झालं नाही. हे त्यानं एकदा मला एकटीला, डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं. मी ते त्या सगळ्यांसमोर बोलले.

काकाचं 'धन्यवाद' यायला वेळ लागला. पण आलं. सगळ्यांत मोठ्या टाळ्या तेव्हाच वाजल्या.

पुढचं ऐक. जिन्यात त्यानं मला गाठलं. मला वाटलं, आता माझ्या तोंडात मारेल. त्यानं माझा हात धरून जोरजोरात हलवला. 'मस्त बोललीस! दुसरं तर फारच मस्त. ओळखीच्या माणसाबद्दल पाहुणा काय बोलतो, हेच बघतात गं ते. म्हणून मीच सांगितलं होतं, आज मी बसतो.' आणि खरंच, तासाभरात मला वरचं काम देऊ केलं.

हे काकूला कसं वाचायला देऊ?

खारू

* * *

दि. २६ फेब्रुवारी

खारू,

चष्मेवाल्यानं मध्येच वाचायचं थांबवलं. स्वतःचा चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, 'आजी, पुढचं उद्या वाचू?' मी म्हटलं, 'वाच.' मग त्यानं वाचलं. विसरणारा माणूस आहे, पण हे विसरेल असं वाटत नाही.

मी दवाखान्यात दाराकडे बघत असायची. शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होते, माझा मुलगा गाडी ढकलत ढकलत येत असेल, त्याचा स्वभावच तसा आहे. ती म्हणायची, नशीबवान आहात.

मला राग यायला हवा, पण येत नाही. पायाखालची जमीन कोणीतरी हळूच काढून घेतल्यासारखं वाटतंय. आम्ही दोघी इथे पोट धरून हसत होतो. 'धन्यवाद' म्हणतो म्हणून हसत होतो! त्याला आणखी चिडवत होतो, बघू कितीदा म्हणतो. खारू, आम्ही घरात बसून तेच करत होतो आणि आम्हाला कळलंसुद्धा नाही.

छत्रीचं वाक्य माझं आहे. मी ते त्याच्या तोंडावर वर्षानुवर्षं बोलत आले. पण पूर्वी तो उलटून म्हणायचा, 'आई, तुझ्या डोक्यावर धरली असती, पण तुझ्या जिभेनं छत्री फाटेल.' मग मी त्याला चप्पल दाखवायची आणि तो पळायचा. त्यातली गंमत त्याच्या उत्तरात होती. तू ते वाक्य तिथे नेलंस आणि उत्तर इथेच राहिलं.

तुला शिव्या घालाव्यात असं दोनदा मनात आलं. चष्मेवाला लिहायला तयारही होता. पण तू लपवून हो म्हणू शकली असतीस, तसं केलं नाहीस. आता एकच विचारते. तू म्हणतेस, तुला बरं वाटलं. एका दिवसात एवढं बरं वाटलं, तर वर्षभरात किती वाटेल?

काकूला मी आज सांगणार आहे. तिच्या घरातली गोष्ट तिच्या पाठीमागे चष्म्याच्या दुकानात चालू द्यायची नाही.

आजी

* * *

दि. १ मार्च

प्रिय आजी,

नाही म्हणून आले.

मोठ्या मॅडमनी कारण विचारलं. मी म्हटलं, 'त्या दिवशी मला ते आवडलं, म्हणून येत नाही.' त्या जराही चिडल्या नाहीत. म्हणाल्या, 'आवडतं ना? मग तुझी जागा इथेच आहे. घाबरतेस कशाला?' मी तडक पायऱ्या उतरले. कारण क्षणभर मला ते पटलं होतं.

संध्याकाळी काका माझ्या खोलीवर आला. बस म्हटलं तर बसला नाही. 'तुझ्यासाठी मी स्वतःहून बसलो होतो,' एवढंच म्हणाला. मी माफी मागितली, तर म्हणाला, 'धन्यवाद.' आजी, मला म्हणाला तो ते!

शनिवारी घरी येतो आहे. त्यानं आणलेली पाहुणी, म्हणजे मी, नाही म्हणाले म्हणून पुढच्या शुक्रवारी त्याला पुन्हा बसवतील. त्याला रागावू नकोस.

माझं काय, मी पुन्हा जिन्यावरून मांजरासारखी उतरते आहे. एका छोट्या कारखान्यातून बोलावणं आलंय. तिथला मिस्त्री आणि मालक माझ्यासमोर एका स्क्रूवरून कडाकडा भांडले आणि मग एकाच कपातला चहा अर्धा अर्धा प्यायले. पगार कमी आहे. मी उद्यापासून जाते.

खारू

* * *

दि. ६ मार्च

चि. खारूताई,

पुन्हा चष्मेवाला लिहितो आहे. काकू घरात नाही. का ते सांगते.

काका शनिवारी आला. काकूनं वाढलं. मी ठरवलं होतं, दवाखान्याचं काढायचं नाही. पण त्यानंच काढलं. म्हणाला, 'आई, खारूनं तुला सांगितलं असेल.' मी म्हटलं, 'सांगितलं.' मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, 'सोड रे ती नोकरी. इतक्या माणसांनी तुला बोलायचं आणि तू खाली मान घालून ऐकायचं. माझ्या लेकराचं काय करून टाकलंय त्यांनी.'

खारू, तो हसला. वेड्या माणसाची समजूत काढावी तसा हसला.

म्हणाला, 'आई, मी वर्षातून दोनतीनदा बसतो. बाकी सगळे शुक्रवार मी बोलतो. माझ्याइतकं कोणाला जमत नाही. माणसाचं नेमकं कुठे दुखतं ते मला लगेच दिसतं. हिशेब बघणाऱ्या एका मुलीला मी असं एक वाक्य बोललो की ती स्टुलावरून उठली ती सरळ घरी गेली. परत आलीच नाही. त्या दिवशी मॅडमनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. आई, मी बसतो ना, तेव्हा मी पुढच्या शुक्रवारची वाट बघत असतो.'

माझा हात त्याच्या पाठीवरच होता. तो काढावा की ठेवावा ते कळेना. त्या रिकाम्या खुर्चीवर बॅग कशी ठेवली याचं आपल्याला नवल वाटलं होतं. ती खुर्ची रिकामी आपल्याच माणसानं केली होती.

काकूला मी आधी सगळं सांगितलं होतं, पण ती मध्ये बोलेल हे मात्र माझ्याही ध्यानीमनी नव्हतं. तिनं हातातली वाटी खाली ठेवली आणि विचारलं, 'काय बोललात तिला?'

तो म्हणाला, 'ते इथे कशाला?'

'काय बोललात?'

त्यानं सांगितलं. मी ते चष्मेवाल्याला लिहू देणार नाही. ती मुलगी ज्या गोष्टीसाठी रात्रंदिवस झुरत असेल, तीच त्यानं नेमकी उचलली होती. घरात सांगताना त्याला स्वतःलाच ते ऐकू आलं बहुतेक. ताटात हात तसाच राहिला. ते बुडवून टाकायला इथे टाळ्या नव्हत्या ना.

काकू म्हणाली, 'तिचं घर कुठे?' तो म्हणाला, 'मला काय माहीत?' ती म्हणाली, 'मग शोधू.' तो म्हणाला, 'काय सांगणार आहेस तिला?' काकू म्हणाली, 'मी काही नाही सांगणार. मी जिन्यात उभी राहीन. तुम्ही आत जाल, ती बोलेल आणि तुम्ही ऐकाल. आणि धन्यवाद म्हणालात तर मी पुन्हा तुमचं तोंड बघणार नाही.'

तो ओरडेल असं वाटलं. मला तर वाटत होतं, ओरडावं. नाही ओरडला.

आज सकाळच्या गाडीनं दोघं गेले. काकू पुढे, तो मागे. तो त्या मुलीच्या दारापर्यंत जाईल की वाटेतूनच कंपनीच्या दिशेनं वळेल, मला सांगता येत नाही. मुलगा माझा, तरी सांगता येत नाही. तुझ्या खोलीवर आले तर त्यांना चहा दे आणि काही विचारू नकोस.

चष्मेवाला विचारतो आहे, 'आजी, ती मुलगी दार उघडेल का हो?'

मी तिच्या जागी असते तर उघडलं नसतं. त्याची आई आहे म्हणून सांगते.

तुझी
आजी